चौथीची तुलना चौथीशी करा

वर्ष सुरू होऊन थोडे दिवस झाले की सहलींच्या परिपत्रकांबरोबर माझ्याकडे पत्रंही येऊ लागतात. एकाच संस्थेच्या अनेक शाखांच्या सहलींचं नियोजन मी पर्यवेक्षिका म्हणून वर्षानुवर्षं केलं. त्यामुळे या पत्रांतली काळजी मला चांगलीच ओळखीची आहे. यंदाची चार पत्रं आणि त्यांची उत्तरं इथे देते आहे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या तीन शाखा आहेत. मुलगी मुख्य शाखेत आठवीत आहे, धाकटा मुलगा लांबच्या लहान शाखेत चौथीत. वर्षाच्या पहिल्या वार्तापत्रात मुख्य शाखेची नवी प्रयोगशाळा, नवे शिक्षक, विज्ञान संग्रहालयाची सहल असं सगळं पानं भरभरून आहे. मुलाच्या शाखेसाठी शेवटी दोन ओळी : सहलीचं नंतर कळवू. मुलीच्या संमतीपत्रावर मात्र परवापर्यंत सही हवी आहे. मुलांची एकमेकांशी नीट ओळखही झालेली नाही, मग इतक्या लवकर सहल कशाला? आणि मुलाच्या शाखेबद्दल बोलले तर मी भांडखोर ठरेन का? — एक आई

उत्तर : नाही ठरणार. तुम्ही बोलायलाच हवं, फक्त मुद्दा नेमका मांडा. आठवीची सहल आणि चौथीची सहल सारखी नसणारच. लहान मुलं लवकर दमतात, त्यांना जवळचं ठिकाण आणि कमी वेळ लागतो. म्हणून मुलीच्या सहलीशी मुलाची तुलना केलीत तर शाळेकडे सरळ उत्तर असेल आणि बोलणं तिथेच संपेल. मुख्य शाखेतल्या चौथीला यंदा काय मिळणार आहे ते विचारा. चौथीची तुलना चौथीशी करा. तिथे फरक निघाला, तर त्याचं कारण शाळेनं द्यायला हवं. 'तुमच्याकडे मुलं कमी, बस भरत नाही' हे कारण मी पुष्कळदा ऐकलं आहे. त्यावर उपाय साधा असतो : दोन लहान शाखांच्या चौथ्या एकत्र न्यायच्या.

लहान शाखेची सहल मी इतकी लावून का धरते, ते सांगते. अमेरिकेत आर्कान्सा राज्यात २०११ साली क्रिस्टल ब्रिजेस हे कलासंग्रहालय उघडलं. सहलीसाठी इतक्या शाळांनी नावं दिली की चिठ्ठ्या टाकून निवड करावी लागली. त्यामुळे संशोधकांना जाऊन आलेली मुलं आणि न गेलेली मुलं यांची प्रामाणिक तुलना करता आली. १२३ शाळांतले जवळजवळ ११,००० विद्यार्थी त्यात होते. जाऊन आलेल्या मुलांना अनोळखी चित्राबद्दल अधिक बारकाईनं विचार मांडता येत होता. आणि सर्वांत जास्त फायदा कुणाला झाला? ग्रामीण भागातल्या आणि गरीब वस्तीतल्या शाळांच्या मुलांना. ज्यांना एरवी असं काही बघायला मिळत नाही, त्यांच्यासाठी एकच सहल फार मोठी असते. म्हणजे सहलींची आखणी लांबच्या, लहान शाखेपासून सुरू व्हायला हवी. बहुतेक ठिकाणी ती तिथे येऊन संपते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वार्तापत्राबद्दलही तुमचं म्हणणं योग्य आहे. वर्षाच्या पहिल्या पत्रात पालकाला आधी हवं असतं ते त्याच्या मुलाच्या शाखेचं : वर्गशिक्षक कोण, कुठल्या फाटकातून सोडणार, आजारी पडलं तर कुणाला कळवायचं, सहल आणि परीक्षा साधारण कधी. प्रयोगशाळेच्या फोटोला नंतर जागा द्यावी. प्रत्येक शाखेला एक स्वतंत्र पान असावं आणि ते त्या शाखेतल्या माणसानं लिहावं, असं मुख्याध्यापकांना सुचवा. पान लिहायचं म्हटलं की शाखेत काय चाललंय आणि काय राहिलंय, हे आपोआप कागदावर येतं.

आता सहल इतक्या लवकर कशाला, याबद्दल. तुमची शंका रास्त आहे, पण अर्धीच. सहलींतून मुलं कशी शिकतात याचा अभ्यास करणारे अमेरिकी संशोधक जॉन फॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली दाखवून दिलं की अगदी नव्या ठिकाणी गेलेली मुलं आधी ते ठिकाणच शिकत असतात. दिलेला अभ्यास मागे पडतो. वर्षाच्या सुरुवातीला तर ठिकाणही नवं आणि सोबतीही नवे. त्यामुळे पहिल्या सहलीला मुलांच्या हातात प्रश्नांची लांबलचक यादी देऊ नये. ओळख हाच पहिल्या सहलीचा अभ्यास. सहल लहान असेल, रात्रीचा मुक्काम नसेल आणि मुलांना एकमेकांबरोबर काही करायला मिळणार असेल, तर लवकर जाण्यात फायदाच आहे. वर्गात गप्प बसणारं मूल बाहेर कुणाशी तरी बोलतं, आणि शिक्षकांना ते वर्षभर उपयोगी पडतं. मुक्कामाची सहल मात्र दुसऱ्या सत्रातच बरी.

राहिली सही. घाईनं करू नका. संमतीपत्रात ठिकाण, निघण्याची आणि परतण्याची वेळ, वाहन, सोबतची मोठी माणसं किती आणि त्या दिवशी लागणारा फोन नंबर एवढं तरी लिहिलेलं असावं. मी पालक असते तर आणखी दोन गोष्टी विचारल्या असत्या. एखादं मूल वाटेत आजारी पडलं तर त्याच्याबरोबर कोण थांबणार, आणि मग बाकीच्या गटाकडे कोण बघणार? या प्रश्नाला लगेच उत्तर मिळालं, तर समजा की नियोजन झालेलं आहे. दुसरं, सहलीला आलेल्या मुलांची यादी शाखेत मागे कुणाकडे राहणार? ती फक्त बसमध्ये असून भागत नाही. शिवाय मुलीला दमा किंवा तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर फॉर्मवर लिहून थांबू नका, सोबत जाणाऱ्या शिक्षकांशी प्रत्यक्ष बोला. इनहेलर किंवा अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन मुलीच्या गटाबरोबर चालतं असावं, बसच्या डिकीत बॅगेखाली नको. अ‍ॅलर्जीचा जोराचा झटका काही मिनिटांत वाढतो, बसपर्यंत धावत जाऊन यायला तेवढा वेळ नसतो.

प्रश्न : मी नवा शिक्षक आहे. आमच्या तीन शाखांतल्या सहावीच्या मुलांना एकत्र संग्रहालयात न्यायची जबाबदारी माझ्यावर आली आहे. गट मिसळून करा म्हणजे मैत्री होईल, अशी सूचना आहे. मुलं नव्वदच्या आसपास. एखादं मूल हरवेल या विचारानं झोप लागत नाही. — एक शिक्षक

उत्तर : ही धास्ती चांगली आहे, तिला कामाला लावा. मैत्रीची सूचना मान्य करा, पण शिरगणतीचे गट मिसळू नका. उपक्रम करताना, बोलताना, खेळताना तिन्ही शाखांची मुलं जरूर एकत्र असोत. मोजताना मात्र प्रत्येक मूल आपल्या शाखेच्या, त्याला चेहऱ्यानं ओळखणाऱ्या शिक्षकाकडेच परतलं पाहिजे. दुसऱ्या शाखेच्या शिक्षकाला दहा मुलं दिलीत, तर तो दहा मोजेल, पण ती तीच दहा आहेत का हे त्याला कळणार नाही. अनेक शाखांच्या सहलीत सगळ्यांत मोठा धोका हाच. गणवेश सगळ्यांचा सारखा, त्यामुळे गर्दीत एक मूल दुसऱ्या गटात सहज मिसळून जातं. शाखेगणिक वेगळ्या रंगाच्या फिती मनगटावर बांधा. फितीच्या आतल्या बाजूला सोबतच्या शिक्षकांचा फोन नंबर लिहा. मुलाचं नाव मात्र दिसेल असं कुठेही लावू नका. नावानं हाक मारणाऱ्या अनोळखी माणसावर मुलं पटकन विश्वास ठेवतात.

गणती पटावरच्या संख्येशी जुळवू नका, त्या दिवशी बसमध्ये चढलेल्या मुलांच्या यादीशी जुळवा. सकाळी गैरहजर राहिलेल्या मुलानं संध्याकाळी सगळ्यांची धांदल उडवलेली मी पाहिली आहे. तिन्ही शाखांच्या याद्या एकत्र केल्यावर एकाच नावाची दोन-तीन मुलं निघतील. नावापुढे शाखा लिहाच. बसमध्ये चढताना, उतरताना आणि प्रत्येक ठिकाण सोडण्याआधी मोजा. दोघांनी वेगवेगळं मोजावं आणि मगच आकडे एकमेकांना सांगावेत. आधी एकानं आकडा मोठ्यानं सांगितला, की दुसऱ्याची गणती नकळत तिथेच येऊन थांबते. आकडे जुळेपर्यंत बस हलवायची नाही, मग चालक कितीही घाई करो.

मुलांना आदल्या दिवशी एकच गोष्ट नीट शिकवा : चुकलास तर शोधत फिरू नकोस, आहेस तिथेच थांब. कुणी ओळखपत्र लावलेला कर्मचारी दिसला तर त्याला सांग. मुलगा आणि शिक्षक दोघंही फिरत राहिले तर भेट व्हायला तासही लागतो.

सहल आखताना आणखी एक करा. बस कुठे थांबणार, स्वच्छतागृह कुठे आहे, डबा कुठे बसून खायचा, कधी थोडं मोकळं फिरायला मिळणार, हे सगळं मुलांना आधी नकाशा काढून सांगा. फॉक यांच्या मंडळींनीच पुढे प्राणिसंग्रहालयाच्या सहलींवर अभ्यास केला. सहलीआधी मुलांच्या मनातल्या अशा प्रश्नांची उत्तरं मिळाली, तेव्हा मुलं तिथे अधिक शिकली. खरं तर यात नवल नाही. डबा कधी, ही चिंता डोक्यात असताना जीवाश्म कोण बघेल?

आणि सगळी दालनं बघायचा अट्टहास सोडा. संग्रहालयातल्या थकव्यावर बेंजामिन गिलमन यांनी १९१६ सालीच लिहून ठेवलं आहे. बोस्टनच्या कलासंग्रहालयात वाकून, उकिडवं बसून वस्तू पाहणाऱ्या माणसाचे फोटो काढून त्यांनी दाखवलं की नुसतं बघणंही शरीराला किती दमवतं. तिथे पाहणारा मोठा माणूस होता. मुलांना तर काचेच्या पेट्या उंच पडतात. दोन दालनं निवडा, मध्ये बसायला वेळ ठेवा. नव्वद मुलं एकाच दारातून आत सोडू नका, तीन शाखा तीन वेगळ्या दालनांतून सुरू करा.

प्रश्न : मी सातवीत आहे. बसमध्ये मला दर वेळी उलटी होते. मागच्या वर्षी सगळे हसले. आता दुसऱ्या शाखेची मुलंही असणार. मी पोट दुखतंय सांगून घरी राहू का? — एक विद्यार्थी

उत्तर : बाळा, घरी राहू नकोस. तुला होतं ते तुझ्या वयाच्या खूप मुलांना होतं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, आणि डोळे बसच्या आतली स्थिर सीट बघत असतात. दोन्ही निरोप जुळत नाहीत, म्हणून मळमळतं. त्यात तुझा काही दोष नाही, आणि मोठं होताना हे बहुतेकांचं कमी होत जातं.

पुढच्या बाजूला खिडकीजवळ बस. दूर क्षितिजाकडे बघ, मोबाइल किंवा पुस्तक उघडू नकोस. रिकाम्या पोटी निघू नकोस आणि तुडुंब खाऊनही नको. आईबाबांना आजच सांग. डॉक्टरांना विचारून ते निघण्याआधी घ्यायची गोळी देऊ शकतील. काही गोळ्यांनी झोप येते, म्हणून सोबतच्या शिक्षकांनाही ते माहीत हवं. पुढची जागा तू सगळ्यांसमोर मागू नकोस. बाईंना किंवा सरांना आदल्या दिवशी एकट्यानं भेट, नाहीतर आईकडून चिठ्ठी दे. ते जागा आधीच ठरवून ठेवतील आणि कारण कुणाला कळणार नाही. शिक्षकांनो, तुम्ही हे वाचत असाल तर बसच्या पुढच्या दोन ओळी सहलीच्या दिवशी अशा मुलांसाठी राखून ठेवा. आणि कुणी हसलं तर तिथल्या तिथे थांबवा, नंतर नाही.

प्रश्न : नातवंडांच्या सहलीचे फोटो शाळा सगळ्या शाखांच्या पालकांना पाठवते. आमच्या सुनेला ते आवडत नाही. नकार देता येतो का? — एक आजोबा

उत्तर : येतो, आजोबा. सहलीची संमती आणि फोटोची संमती या दोन वेगळ्या सह्या असाव्यात. एकच सही असेल तर फोटोपुढे 'नाही' असं स्वच्छ लिहून द्या. त्यामुळे मुलाची सहल रद्द करायचं शाळेला काही कारण नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १६ वं कलम मुलांच्या खासगीपणाबद्दलच आहे. सहल चालू असताना फोटो टाकू नका, सगळे परतल्यावर पाठवा, हेही शाळेला सांगा. मुलं या क्षणी नेमकी कुठे आहेत हे शेकडो फोनवर जायची गरज नाही. आणि नातवंडांनाही विचारा. फोटो त्यांचा आहे, त्यांचंही मत असेल.