खुर्चीत बसणाऱ्याला पासवर्ड लागत नाही

प्रिय पोरी,

शेतकरी कंपनीच्या कार्यालयातलं लिनक्सचं मशीन तुझ्याकडे आलं, फार बरं वाटलं. रूटचा, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड वीस अक्षरी ठेवलास, ठीकच. पण त्या खुर्चीत जो येऊन बसू शकतो, त्याला तो लागतच नाही.

जिनिंगमध्ये होतो तेव्हा हे मी डोळ्यांनी पाहिलं. ऐन कापसाच्या हंगामात एका पोरानं मशीन बंद-चालू केलं, ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, पडद्यावर ‘ई’ दाबलं, कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ओळीत ‘इनिट’ या पहिल्या प्रोग्रामच्या जागी बॅश हा आज्ञा घेणारा प्रोग्राम लिहिला आणि दोन मिनिटांत रूट झाला. त्यानं बिघडवलं काही नाही. पण काट्याच्या साऱ्या नोंदी त्याच्यापुढे उघड्या होत्या, त्या रात्री मला झोप आली नाही.

तेव्हा ग्रबला पासवर्ड लाव, रोजचं बूट, म्हणजे मशीन सुरू होणं, मात्र त्याविना होऊ दे. बायोसला, म्हणजे ग्रबच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या आतल्या प्रोग्रामला, पासवर्ड लाव, पेन ड्राइव्हवरून बूट बंद कर. एवढ्यावर विसंबू मात्र नको. ग्रब 2 मध्ये नाव विचारल्यावर बॅकस्पेस 28 वेळा दाबलं की पासवर्ड टळतो, हे डिसेंबर 2015 मध्ये स्पेनमधल्या वालेन्सियाच्या दोन संशोधकांनी दाखवलं. ती चूक दुरुस्त झाली, पण डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावणाऱ्याला ग्रब आडवा येतच नाही. बायोसचा पासवर्डही बऱ्याच डेस्कटॉपवर आतला सेल किंवा जम्पर (पिनांवरची छोटी जोडपट्टी) काढला की जातो.

तुझ्याकडे लोकांचे सातबारे, आधारच्या प्रती, पासबुकं आहेत. त्यांना लक्सनं, म्हणजे लिनक्सच्या डिस्क-कुलपानं, पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करणं, किल्लीविना वाचताच येऊ नये अशी करणं, हाच खरा आधार. आता आपल्याकडची अडचण: लाइन गेली, आली, की मशीन दरवेळी पासफ्रेज, म्हणजे डिस्क उघडायचा लांब पासवर्ड, मागणार. तू यवतमाळला गेलेली असलीस तर? मग कुणीतरी ती कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवतं. तसं होऊ देऊ नको. लक्स 2 मध्ये 32 पर्यंत किल्ल्या, म्हणजे वेगवेगळ्या पासफ्रेज, ठेवता येतात. हिशेबनिसाला त्याची वेगळी दे, तो सोडून गेला की तेवढीच काढ. हेडरची, म्हणजे डिस्कवर या किल्ल्यांची माहिती असते त्या भागाची, प्रत बाहेर जपून ठेव, कारण हेडर खराब झालं तर पासफ्रेज ठाऊक असूनही काही हाती लागत नाही. किल्ली काढलीस की हेडरची जुनी प्रतही नष्ट कर, तिच्यावर जुनी पासफ्रेज चालते.

मशीन चालू असताना डिस्क उघडीच असते. जेवायला उठलीस तरी पडदा लॉक कर, आणि कंट्रोल-आल्ट-एफ3 दाबल्यावर येणाऱ्या दुसऱ्या पडद्यावर लॉगिन उघडं राहिलं नाही ना, तेही बघ.

लक्ससाठी बहुधा नव्यानंच इन्स्टॉल करावं लागेल. आधी सगळ्याची प्रत घे, ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघ. पोळा आणि तान्हा पोळा, दोन्ही दिवस कार्यालय बंद असेल तर तेव्हाच करू. मी येतो.

तुझा,
काका