वनस्पतीच्या अर्कातले फ्लॅव्होनॉइड (वनस्पतींतल्या संयुगांचा एक गट) वेगळे करायला सक्रिय कोळसा वापरावा की रेझिन (पदार्थ धरून ठेवणारे सच्छिद्र प्लॅस्टिकचे मणी)?

रेझिन. कोळसा फ्लॅव्होनॉइड धरतो खरा, पण इतका घट्ट की नंतर सुटता सुटत नाही. रंग घालवायला तो ठीक आहे, हवा असलेला पदार्थ परत मिळवायला नाही.

डी-१०१, एबी-८ किंवा एक्सएडी-१६ यांसारखं मोठ्या छिद्रांचं पॉलिस्टायरीन रेझिन घ्या. आधी ते इथेनॉलमध्ये भिजवून, उभ्या नळीत (स्तंभात) भरून धुवा. खाली येणाऱ्या इथेनॉलच्या थोड्या नमुन्यात पाणी मिसळून बघा, गढूळ झालं तर अजून धुवायचंय. मग पाण्याने इथेनॉल पूर्ण काढून टाका.

खरी गोम अर्क चढवण्यात आहे. अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल तर ते आधी उडवा, अर्क पाण्यात घ्या आणि गाळा. अल्कोहोल राहिलं तर फ्लॅव्होनॉइड रेझिनला चिकटण्याऐवजी सरळ खाली वाहून जातात. 'रेझिन खराब निघालं' या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं. पीएच किंचित आम्ल ठेवा, म्हणजे रेणूंवर विद्युतभार राहत नाही आणि ते नीट धरले जातात. (अल्कलॉइड या नायट्रोजनयुक्त वनस्पतिसंयुगांसाठी उलट, किंचित अल्कधर्मी.)

नंतर पाणी सोडा: साखर, क्षार निघून जातील. त्यानंतर ३० टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत वाढत्या तीव्रतेचं इथेनॉल सोडा आणि प्रत्येक टप्पा वेगळ्या भांड्यात घेऊन टीएलसीवर (पातळ थराच्या पट्टीवर घटक वेगळे करून बघायची चाचणी) तपासा. जास्त ध्रुवीय ग्लायकोसाइड (साखर जोडलेले फ्लॅव्होनॉइड) आधी उतरतात.

एवढ्याने शुद्ध रेणू मिळत नाही, फक्त समृद्ध अंश मिळतो. पुढे सिलिका किंवा सेफाडेक्स एलएच-२० (डेक्स्ट्रानपासून बनवलेलं जेल) चा स्तंभ लागेलच.