टर्पीन समजून घ्यायचेत? मग इंडिका-सटायवा विसर

भावा, गांजाची इंडिका जात म्हणजे झोप आणि सटायवा जात म्हणजे एनर्जी हे आधी डोक्यातून काढ, लॅब रिपोर्टमध्ये टर्पीन (झाडाला वास देणारी रसायनं) कुठले आणि किती टक्के ते बघायची सवय लाव, आणि रिपोर्टची तारीखही बघ कारण हलके टर्पीन भराभर उडून जातात. केमिस्ट्रीला घाबरू नकोस. पाच कार्बनचे आयसोप्रीनचे तुकडे, दोन जोडले की मोनोटर्पीन, म्हणजे मायर्सीन, लिमोनीन, पायनीन, तिघांचा फॉर्म्युला एकच सी१०एच१६, फक्त जोडणी वेगळी म्हणून लिमोनीनला संत्र्याच्या सालीचा वास आणि पायनीनला पाइनच्या झाडाचा.

तीन जोडले की सेस्क्विटर्पीन. त्यातलं बीटा-कॅरिओफिलीन नीट वाच, माझ्या मते सगळ्यात भारी तेच. आपल्या मिरी-लवंगेत असतं ते हेच, आणि २००८ मध्ये दाखवलं गेलं की ते थेट सीबी२ रिसेप्टरला (पेशीवरची अशी जागा, जिथे गांजातली रसायनं चिकटतात) चिकटतं, नशा आणणाऱ्या सीबी१ ला नाही. उंदरांची सूज कमी झाली, पण तेवढ्यावरून कुणाला औषध सांगत सुटू नकोस. माणसांवरचं काम अजून थोडंच आहे, २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी टीएचसीसोबत (गांजात नशा आणणारं मुख्य रसायन) लिमोनीनची वाफ दिली तर जास्त डोसला घबराट कमी झाली, पण तेही २० जणांवर.

आणि भारतात असशील तर गांजा एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात येतो, त्यामुळे वास ओळखायला मिरी ठेचून बघ, ताजी संत्र्याची साल दाब. बाटलीतलं शुद्ध टर्पीन मात्र थेट जिभेवर किंवा कातडीवर घेऊ नकोस, चांगलंच भाजतं.