लग्नाचं रिसेप्शन पाहुण्यांना खरंच आवडावं म्हणून काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात मालवणजवळ गावच्या घरी रिसेप्शन आहे, माणसं साधारण 500, आणि एलईडी वॉल, डीजे, धुराची एन्ट्री यांवर खर्च करावा का. मंडप-डेकोरेशन हा माझा धंदा, तेव्हा 'करा' म्हणण्यात माझाच फायदा आहे. तरी खरं सांगतो, यातल्या कशासाठीही पाहुणा थांबत नाही. तो थांबतो दुसऱ्या पाहुण्यांसाठी. मुंबईचे चाकरमानी, सासरी गेलेल्या मुली, एका बाकावर शिकलेले आणि आता कुठे कुठे पांगलेले मित्र वर्षा-दोन वर्षांनी एका खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येतात. त्यांना निवांत बसून बोलायला मिळालं की रिसेप्शन झालं. बाकीची आमची बिलं.

म्हणून सुरुवात खुर्च्यांपासून करा. सगळीकडे खुर्च्या स्टेजकडे तोंड करून रांगेत मांडतात आणि ग्रामसभा भरल्यासारखी माणसं पुढच्याचं डोकं बघत बसतात. आमच्या पोरांना सांगायचं, निम्म्या खुर्च्या सहा-सातच्या गोलात टाका. एवढ्यानेच फरक पडतो. कोणीतरी आत्या येऊन गोलात बसते, समोरच्या पोरीला म्हणते, "गो बाय, माका वळाकलंस?" आणि पोरीने ओळखलेलं नसतं, मग कोणाची कोण हे लावण्यात अर्धा तास मजेत जातो. रांगेत ही आत्या तिसऱ्या ओळीत गप्प बसून पदराने वारा घेत राहिली असती. म्हाताऱ्यांसाठी हाताच्या खुर्च्या वेगळ्या ठेवा, जेवणाच्या जवळ आणि स्पीकरपासून लांब.

आता स्टेजची रांग. साधा हिशोब करा. 500 माणसं, पाच-पाचचे घोळके, म्हणजे 100 घोळके. पाकीट देणं, हात मिळवणं, फोटोग्राफरचं "मावशी, इकडे बघा" धरून एका घोळक्याला दीड मिनिट. झाली 150 मिनिटं, अडीच तास! पत्रिकेत सायंकाळी 7 ते 10 छापलेलं, पार्लरवालीकडून नवरी सुटते साडेआठला. उरलेल्या दीड तासात हे बसणार कसं? मग लोक रांगेत घामाघूम होतात, आणि नवरा-नवरी सोफ्यासमोर उभी राहून थकतात. यावर दोन उपाय. जेवण नवरा-नवरीची वाट न बघता सातलाच सुरू करा. आणि स्टेजवर तासभर झाला की दोघांना खाली उतरवा, गोलागोलातून फिरवा. फोटोग्राफर कुरकुरेल, त्याला आधी सांगून ठेवा. खालचे फोटो पुढे जास्त बघितले जातात, कारण त्यात माणसं हसत असतात.

वाऱ्याचा विचार शहरातला डेकोरेटर करत नाही, तो तुम्ही करा. आपल्याकडे दुपारपासून पश्चिमेचा खारा वारा असतो, सूर्य बुडाला की तो मंदावत जातो आणि रात्री मध्ये एक वेळ अशी येते की माडाची झावळही हलत नाही. नेमकी तीच रिसेप्शनची वेळ. त्यात स्टेज पश्चिमेला बांधून मागे भलामोठा पडदा ताणला तर होता नव्हता तो वाराही अडतो. स्टेज पूर्वेला घ्या, पश्चिमेची बाजू पडदे न लावता मोकळी सोडा. जंबो कूलर कोणी गळ्यात मारला तर नको म्हणा. कूलर कोरड्या हवेचं यंत्र आहे. विदर्भात ठीक, इथल्या दमट हवेत पाणी सुकतच नाही, उलट मांडवात आणखी चिकचिक होते. त्यापेक्षा स्टँडचे मोठे पंखे जास्त घ्या. एलईडी वॉलचे पैसे वाचवून पंखे घेतलेत तर लोक तुमचं नाव काढतील.

जेवणाचं मात्र सविस्तर बोलायला हवं. पहिला पेच सत्यनारायणाचा. आपल्याकडे बऱ्याच घरी पूजा आणि रिसेप्शन एकाच दिवशी येतात, आणि मुंबईचे पाहुणे मनात कोंबडी-वडे धरून आलेले असतात. पूजेच्या दिवशी ते होणार नाही, यावर घरातल्या मोठ्यांशी वाद घालू नका. कोंबडी-वडे दुसऱ्या दिवशी घरच्यांसाठी. पण शाकाहारी म्हणून लगेच पनीर-मंचुरियनकडे धावण्याचंही कारण नाही. ते दादरला रोज मिळतं. इथे काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि गरम वडे ठेवा, कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी ठेवा. ओल्या काजूचा हंगाम मेपर्यंत ओसरतो, मिळाला तर उसळ, नाहीतर हट्ट नको. सोलकढी दुपारी करून ठेवू देऊ नका. मेच्या उकाड्यात नारळाचं दूध टिकत नाही. संध्याकाळी काढायला लावा आणि बर्फात ठेवा.

गोडात माझं मत विचाराल तर रस-शिरवाळे. आणि ते आतून वाढून आणायचे नाहीत, लोकांसमोर करायचे. मी एका खळ्यात बघितलंय. वाडीतल्या दोन बायका, एकीने साचा घट्ट धरलेला, दुसरी तांदळाच्या पिठाचा उकळत्या पाण्यातून काढलेला गोळा आत टाकून सगळं वजन दांड्यावर देते, आणि पांढरे शिरवाळे खाली ताटलीत उतरतात. गोळा गरम असतानाच दाबावा लागतो, गार झाला की साचा हलत नाही, त्यामुळे दोघींची चाललेली घाई बघायलाच गर्दी. वर नारळाच्या दुधाचा गुळ-वेलची घातलेला रस. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याने बाही सरसावून साचा दाबून बघितला, अर्ध्यावरच दमला, बायका पदर तोंडाला लावून हसतायत. तो माणूस नंतर अख्ख्या वाडीच्या ओळखीचा झाला. डीजेवर एवढी ओळख होत नाही.

(आणि पूजा त्या दिवशी नसेल, मासे ठेवायचे असतील, तर बसायची सोय करा. उभ्याने, एका हातात ताट धरून काटे कसे काढणार?)

आवाजाचं थोडक्यात: रात्री 10 नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे, म्हणजे साडेआठला एन्ट्री झाली की डीजेला दीडच तास. तेवढ्यासाठी तो पूर्ण पैसे घेतो आणि कोणाला कोणाचं बोलणं ऐकू येत नाही. मंद आवाजात जुनी गाणी पुरतात. तरुण पोरांना नाचायचंच असेल तर हळदीच्या रात्री बेंजो आणा, तिथे नाच शोभतो. रिसेप्शनला माइक द्यायचा तो उखाण्यासाठी, आणि नवरीपेक्षा म्हाताऱ्यांच्या हातात. एका आजीने मध्यंतरी घेतला:

"समुद्राला लागली लाटांची रांग,
अमुकरावांचं नाव घेते, आता वाढायला सांग."

आजोबा पहिल्या ओळीत बसलेले, लाजून पान खायला उठून गेले. सगळा मांडव खदखदून हसला, आणि आचाऱ्यालाही निरोप पोचला.

मुंबईच्या पाहुण्यांचं एक बघा. रेल्वेचं रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतं आणि मे महिन्यातलं बघता बघता भरतं. पत्रिका छापून व्हायची वाट बघू नका, तारीख ठरली की व्हॉट्सअॅपवर कळवा. ज्यांना त्याच रात्री गाडी धरायची आहे त्यांची नावं एकाकडे द्या. त्यांची आधी पंगत उठवायची आणि स्टेशनवर सोडायला गाडी तयार ठेवायची. नाहीतर ते घड्याळ बघत जेवतात आणि दुसऱ्यांनाही बसू देत नाहीत.

पाऊस राहिला. तारीख 20 मेच्या पुढची असेल तर वळवाची सर गृहीतच धरा. कापडी मंडप नको, वर पत्रा घ्या, खळ्याच्या कडेने पाणी जायला चर मारून ठेवा. पावसाबरोबर लाइट जाते, म्हणून जनरेटर हवाच, पण तो जेवणाच्या बाजूला लावू देऊ नका, धूर आणि आवाज दोन्ही ताटात येतात. आमची पोरं केबल वाचवायला अगदी तिथेच लावतात, तेव्हा स्वतः उभे राहून जागा दाखवा.