साखळीसमोरून उठू नकोस

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला. जंगलातल्या वाटेवर वनखात्याची साखळी पडली, बाजूनं कुणी जाऊ नये म्हणून चर खोदला. तुमच्या फोर बाय फोर गाड्यांच्या ग्रुपमधले निम्मे म्हणतात, शनिवारी रात्री लोखंडी पट्ट्या टाकून चर ओलांडू. उरलेले म्हणतात, आता यात राम राहिला नाही, गाड्या विकून मोकळे होऊ. आणि तू मला विचारतोस, "काका, कुणाबरोबर राहू?"

कुणाबरोबरच नको. चर ओलांडणारा असो की गाडी विकणारा, त्या वाटेसाठी खपायची तयारी दोघांचीही नाही. माझं म्हणणं तुला माहीत आहे, तरी शनिवार तोंडावर आलाय म्हणून पुन्हा लिहितो: साखळी ओलांडायची नाही आणि साखळीसमोरून उठायचं नाही. यातलं अर्धं पाळणारे मी खूप पाहिले. अर्ध्यानं काही साधत नाही.

लो रेंजमध्ये, म्हणजे कमी वेगाच्या पण जास्त जोराच्या गिअरमध्ये, गाडी इंच इंच चढते तेव्हा काय वाटतं, ते मी तुला सांगायला नको. जंगल हवं की गाडी, हा वादही आपल्यात नको. तुला दोन्ही हवंय, म्हणून तर रात्री दोन वाजता मेसेज लिहीत बसलास. तेव्हा सरळ कामाचं बोलतो.

पहिल्यांदा, बंद झालेली वाट कोणती, ते तुला सांगता आलं पाहिजे. मी फोनवर विचारलं तर "जंगलातली" म्हणालास. अरे, जंगलातली म्हणजे कुणाची? डोंगरात चाकांनी मळलेली प्रत्येक पट्टी रस्ता नसते. काही जाळरेषा असतात. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. त्याआधी गवत कापून, जाळून जी पट्टी मोकळी करतात ती आग अडवायला. काही वनरस्ते असतात, खात्यानं स्वतःच्या कामासाठी काढलेले. काही जिल्हा परिषदेच्या नोंदीतले ग्रामीण मार्ग. काही खरोखर जुन्या गाडीवाटा, गावनकाशावर दुहेरी तुटक रेघांनी दाखवलेल्या, जिथून पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्या गेल्या. आणि काही आपणच पाडलेल्या असतात, हे नीट ऐक. एका वर्षी एक जीप गवतातून गेली, पुढच्या वर्षी दहा गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी त्या चाकोरीला नाव पडलं. या सगळ्यांना एकच न्याय लागत नाही. गाडीवाटेसाठी भांड, मी तुझ्या शेजारी बसेन. आपण पाडलेल्या वाटेसाठी मी येणार नाही आणि तूही जाऊ नकोस.

मग जमीन कोणती ते बघ. गौताळा औट्रमघाट १९८६ पासून अभयारण्य आहे, येडशी रामलिंग घाट १९९७ पासून. अशा ठिकाणी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. आतून जाणाऱ्या सार्वजनिक महामार्गावरून जाणं वेगळं. एरवी आपल्यासारख्यांना कलम २७ प्रमाणे परवान्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. मोडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, २०२२ च्या दुरुस्तीनंतर एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गाडी जप्त होते, आणि गुन्हा शाबीत झाला तर सरकारजमा होऊ शकते. हप्ते मात्र तुझे वडील भरत राहतील. हे ग्रुपमध्ये मोठ्यानं वाचून दाखव.

साधं राखीव वन असेल तर १९२७ चा भारतीय वन कायदा. विनापरवाना शिरणं तिथंही गुन्हाच आहे, पण त्याच कायद्यात कलम २५ आहे आणि ते तुझ्या वयाच्या एकालाही माहीत नाही. राखीव वनातली वाट वनाधिकाऱ्याला बंद करता येते, पण त्याला राज्य सरकारची किंवा सरकारनं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते, आणि सोयीची दुसरी वाट आधीपासून असावी लागते किंवा खात्यानं करून द्यावी लागते. म्हणजे "का बंद केली" यापेक्षा चांगला प्रश्न तुला विचारता येतो: कोणत्या आदेशानं बंद केली, आणि पर्यायी वाट कोणती? मात्र कलमाचा धाक दाखवत कार्यालयात शिरू नकोस. वाट कागदावर सापडली तरच हे कलम तुझ्या कामाचं.

कागद शोधणं हेच खरं काम आहे, आणि इथंच सगळे कंटाळतात. गावनकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटवर, म्हणजे स्थलदर्शक नकाशावर, गाडीवाटा आणि पायवाटा वेगळ्या दाखवलेल्या असतात. वन कधी आणि कोणत्या हद्दीत घोषित झालं, त्याची अधिसूचना काढ. आपल्याकडं मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं. हैदराबादचा वन कायदासुद्धा १३५५ फसलीचा (फसली ही तिथली महसुली कालगणना), म्हणजे साधारण १९४५ चा. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन जवळपास लागतो. बरेच जुने कागद उर्दूत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची केवढी गरज पडली ते तू पाहिलंस. आपल्या शहरात उर्दू वाचणारी वयस्कर माणसं अजून आहेत. त्यांच्याकडं जा, वेळ घेऊन बस, मान दे.

आता ज्यामुळं मी इतका हट्टी झालो ते सांगतो. तुला त्यातलं अर्धंच ठाऊक आहे.

आमच्या वाटेवर पहिली साखळी लागली तेव्हा ती नावापुरती होती. वनरक्षक दिवसा उघडून द्यायचा, वहीत नाव आणि गाडीचा नंबर लिहून घ्यायचा. आमच्यातल्या काहींना वहीत नाव लिहिणं अपमानाचं वाटलं. ते रात्री बाजूनं गेले. ज्यानं मला डिझेल जीप शिकवली, चढावर क्लच कसा धरायचा ते माझ्या पायावर पाय ठेवून शिकवलं, तो त्यांच्यात पुढं होता. मी खालीच थांबलो. थोड्याच दिवसांत तिथं पोकलेन आला आणि छातीइतका खोल चर पडला.

गाड्या थांबल्या. त्याबरोबर तांड्याच्या बैलगाड्याही थांबल्या. दुधाचे कॅन डोक्यावरून खाली यायला लागले. एका बाळंतिणीला बाजेवर घालून चरापर्यंत आणली, चौघांनी हातावर पलीकडं उतरवली. रात्री गेलेले तेव्हा शहरात आपापल्या घरी झोपले होते. बाळा, साखळी ओलांडल्याची शिक्षा ओलांडणाऱ्याला क्वचित होते. ती तांड्याला होते. तुमच्या ग्रुपमधल्या कुणी या बाजूनं विचार केलाय का? तुझ्या मेसेजात तर तांड्याचं नावसुद्धा नव्हतं.

तू म्हणशील, आम्ही इतक्या वेळा गेलो, तिथं कुणी हरकत घेतली नाही. हरकत घेणार कोण? दिवाळीच्या सुमारास माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात ती उन्हाळा लागल्यावर परततात. आपला गाड्यांचा हंगाम नेमका तेव्हाच. तांड्यावर उरतात म्हातारी आणि लेकरं. लेकरं हात हलवतात म्हणून आपल्याला वाटतं, सगळं गाव खूश आहे. कर्ती माणसं घरी असतात तेव्हा जा, गाडी खाली ठेवून जा, आणि तांड्याच्या नायकांशी, म्हणजे प्रमुखांशी, बोल. एका म्हाताऱ्यानं मला ऐकवलं होतं, "सायेब, तुमची गाडी वर्षातून येकदा जाती. त्या वाटंनं पानी दर पावसात जातंय."

त्यानं एका वाक्यात सांगितलं ते समजायला मला डोंगर पायी चढावा लागला. ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय की बोडक्या टेकडीचं काय नुकसान होणार. हे वाचून माझं डोकं फिरलं. मुरमावर वीतभर माती असते, कुसळी आणि पवन्या गवतानं धरून ठेवलेली. उतारावर सलग समतल चर खोदलेले असतात, पावसाचं पाणी जागच्या जागी मुरावं म्हणून. चाकानं त्यातल्या एका चराचा बांध एका जागी दाबला की पुढच्या पावसात पाणी तिथूनच फुटतं आणि खालचा बांधही घेऊन जातं. पायथ्याच्या काळ्या मातीत ओल असताना चाकोरी उठली की ती उन्हात तशीच कडक होते, आणि पुढच्या पावसाळ्यात तिचा ओहोळ होतो. आपल्याकडं वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा; त्यातलं पाणी अडवायला लोकांनी घाम गाळलाय. टिटवी, चंडोल, रातवा जमिनीवरच अंडी घालतात. आणि २०२१ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला वाघ गौताळ्याच्या कॅमेऱ्यात दिसला. २०२४ च्या शेवटी येडशीच्या रामलिंग घाटातही एक दिसला. शेकडो किलोमीटर चालून जनावर ज्या डोंगरात आसरा घेतं त्याला बोडकं म्हणणाऱ्याबरोबर तू रात्री जाणार आहेस का?

चर पडल्यावर मी काय केलं? तिथंच बसलो. माहिती अधिकारात अर्ज टाकले. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, उत्तर नाही आलं की अपील. अधिकारी बदलले, नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. नायकांबरोबर ग्रामसभेला गेलो. तिथं आधी बैलगाड्यांचा ठराव झाला, आपला विषय अगदी शेवटी आला, आणि तो शेवटीच यावा असं मीच म्हणालो होतो. अखेर बैलगाड्यांची वाट खुली झाली. वाटेतल्या मंदिरापर्यंत आपल्या गाड्यांना हिवाळ्यात, नोंद करून, ठरलेल्या संख्येनं जाऊ देतात. माथ्यावरची वाट कायमची गेली. ती जावी असं मी स्वतः लिहून दिलं, कारण ती आम्हीच पाडलेली होती आणि कुठल्याही नकाशावर नव्हती.

त्या एका सहीवरून माझ्याच लोकांनी मला खात्याचा माणूस ठरवलं. मी कुणाचा माणूस नव्हतो. माथ्याची खोटी मागणी धरून बसलो असतो तर खालची खरी मागणीही कुणी ऐकली नसती, हे मला तेव्हाही स्पष्ट दिसत होतं आणि आजही दिसतंय. कड्यावर पहाटे गाडी लावून खाली पसरलेला खानदेश बघत बसण्यासारखं सुख मी दुसरं पाहिलं नाही. ते मी सोडून दिलं. आता पायी जातो, गुडघे चालतात तोवर. ज्यानं मला शिकवलं त्यानं शेवटपर्यंत माझ्याशी अबोला धरला. त्याच्या दहाव्याला गेलो तर घरच्यांनी चहा दिला, बोललं कुणी नाही. याचं दुःख मी तुझ्यापासून लपवत नाही. तरी तो कागद पुन्हा समोर आला तर पुन्हा सही करीन.

"तुम्हाला अर्धीच वाट मिळाली," असं मागं तू एकदा बोलून गेलास. त्याच अर्ध्या वाटेवर तू फोर बाय फोर शिकलास. रात्री ओलांडणाऱ्यांनी तुझ्यासाठी काय ठेवलं? चर.

आणखी एक. उन्हाळ्यात टँकर पोचत नाही तिथले पाणवठे भरायला आपल्या गाड्या उपयोगी पडतात. वनरक्षकाला विचारून ते काम अवश्य कर, पण अर्जात लिहू नकोस. केलेल्या मदतीच्या बदल्यात वाट मागितली की आपली मागणीही हलकी होते आणि मदतही. फेसबुकवर निषेधाची पोस्ट टाकून घरी बसणाऱ्यांना मी धरतच नाही. साखळी ओलांडायची नाही, साखळीसमोरून उठायचं नाही. पोस्ट टाकून उठलेला माणूस उठलेलाच असतो.

शनिवारी ग्रुपला स्पष्ट सांग की तू येणार नाहीस, आणि का येणार नाहीस तेही सांग. गुपचूप आजारी पडू नकोस. चार जण तुटतील. दोघं थांबले तरी पुरे आहेत, अर्जावर सह्या करायला तेवढे बास होतात. सोमवारी भूमी अभिलेखला जाऊन गावनकाशाच्या नकलेचा अर्ज दे. माझ्याकडची जुनी टोपोशीट घरी येऊन घेऊन जा, घडीवर फाटलीय, जपून वापर. वनपालांना भेटायला जाशील तेव्हा गाडी लांब लाव, तो मोठा हॉर्न वाजवू नकोस, आणि वही असेल तर तिच्यात पहिलं नाव तुझं लिही. मग माहिती अधिकाराच्या अर्जाचा कच्चा मसुदा मला दाखव. त्याआधी मात्र नायकांना भेट. बैलगाड्यांची अडचण त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय अर्ज लिहायला बसू नकोस.

तुझा,
काका