किल्ली कुणाकडे होती, ते आधी पाहू

प्रश्न: माझे वडील शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. ते गेल्यावर त्यांची 42 चित्रं घरीच होती. गंगापूर रोडवरची आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली, म्हणून मागच्या वर्षी मे महिन्यात ती अंबडच्या एका गोदामात ठेवली. भाडं महिना 3,500 रुपये. या जुलैत पत्र्याची पन्हळ तुंबून पाणी आत आलं आणि 11 चित्रं खराब झाली. मला ते ऑगस्टमध्ये गेल्यावर कळलं. गोदामवाले पावतीमागची ओळ दाखवतात, 'माल ठेवणाऱ्याच्या जोखमीवर', आणि वर म्हणतात, पाऊस काय माणसाच्या हातात असतो? मी तीन महिने भाडं दिलं नाही, तर आता उरलेली चित्रं सोडत नाहीत. विकून भाडं वसूल करू म्हणतात. पोलिसांत जाऊ का? आणि उरलेली चित्रं पुढे ठेवायची कुठे, कशी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि फोटो मोठे करून पाहिले. नारोशंकराच्या देवळाचं ते जलरंगातलं चित्र, आकाशभर तांबूस डाग पडलेलं, पाहून वाईट वाटलं. कायदा ते आकाश परत आणू शकत नाही. पण तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच भक्कम आहे.

पहिला प्रश्न: गोदामाची किल्ली कुणाकडे होती? तुम्ही एखादी खोली भाड्याने घेऊन तिला स्वतःचं कुलूप लावलं असतं, तर तो जागेच्या भाड्याचा व्यवहार झाला असता. आत काय ठेवलं आणि कसं ठेवलं, हे मग तुमचं तुम्ही पाहायचं. तुमच्या बाबतीत तसं नाही. पावतीवर '42 फ्रेम, 3 पेट्या' असं लिहून घेतलंय, किल्ली त्यांच्याकडे, आणि तुम्हालाही आदल्या दिवशी फोन केल्याशिवाय आत जाता येत नव्हतं. म्हणजे तुम्ही जागा घेतली नाही, वस्तू त्यांच्या ताब्यात दिली. याला भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 148 मध्ये निक्षेप म्हणतात: ठरावीक कामासाठी वस्तू दुसऱ्याकडे सोपवायची आणि काम झालं की ती परत मिळायची.

निक्षेप ठरला की कलम 151 लागू होतं, आणि तुमचं सगळं प्रकरण याच कलमावर उभं राहणार आहे. साधारण समजूतदार माणूस, तसल्याच परिस्थितीत, तेवढ्याच आकाराच्या, दर्जाच्या आणि किमतीच्या स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी गोदामवाल्याने घेतलीच पाहिजे. त्यातला 'दर्जाच्या' हा शब्द महत्त्वाचा. सिमेंटच्या गोण्यांना जे चालतं ते कागदावरच्या जलरंगाला चालत नाही.

आता तुमचा चौथा फोटो पाहा. डावीकडे द्राक्षाच्या खोक्यांची थप्पी आहे. ती लाकडी पॅलेटवर आहे, जमिनीपासून चांगली वर, वरून ताडपत्री. उजवीकडे तुमच्या वडिलांची चित्रं थेट फरशीवर, बाहेरच्या भिंतीला टेकून, बरोबर त्या पन्हळीखाली. खोकी कोरडी राहिली, चित्रं भिजली. ओलाव्यापासून माल कसा वाचवायचा हे त्या गोदामात ठाऊक होतं, एवढं या एका फोटोवरून दिसतं. माझ्या मते अख्ख्या फाइलमधला सर्वात मोलाचा कागद हाच.

दुसरा मोलाचा पुरावा तुमच्या फोनमध्ये आहे. यंदा मे महिन्यात तुम्ही व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, 'पावसाळ्याआधी छत बघून घ्या, कागदावरची चित्रं आहेत', आणि त्यांनी होकाराचा अंगठा (इमोजी) पाठवला होता. धोका त्यांना आधीच माहीत होता हे त्यातून सिद्ध होतं. तो फोन विकू नका, रिसेट करू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही; भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र सोबत जोडावं लागेल.

राहिली पावसाची सबब. नाशिकला जुलैत पाऊस पडणार हे शेंबडं पोरही सांगेल. 2 ऑगस्ट 2016 किंवा 4 ऑगस्ट 2019 सारखा गोदावरीचा पूर आला असता आणि गोदाम घाटालगत असतं, तर दैवी आपत्तीचा बचाव निदान ऐकून घेता आला असता. तुमचं पाणी छतातून आलं, न उपसलेल्या पन्हळीतून. पन्हळ तुंबते ती देवामुळे नाही, पावसाळ्याआधी कुणी शिडी लावून वर चढलं नाही म्हणून.

आणि ती पावतीमागची ओळ. दिल्लीतल्या एका हॉटेलच्या माणसाकडे गाडीची किल्ली दिली होती. 1998 मध्ये ती गाडी चोरीला गेली. पार्किंगच्या चिठ्ठीवर असंच, मालकाच्या जोखमीवर, छापलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये निकाल देताना सांगितलं की किल्ली घेतली तेव्हाच निक्षेप झाला, वस्तू परत का देता येत नाही याचा खुलासा हॉटेलने करायचा, आणि स्वतःचा किंवा आपल्या नोकरांचा निष्काळजीपणा अशा छापील ओळीआड लपवता येणार नाही. ती ओळ तुम्ही वाचली होती का, सही केली होती का, हेही विचारलं जाईल. खरं तेच सांगा.

चित्रं अडवून धरण्याबद्दल. याला धारणाधिकार म्हणतात. करार कायद्याच्या कलम 170 खाली तो मिळतो वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्याला, जसा हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याला. नुसती वस्तू सांभाळणं त्यात बसत नाही. कलम 171 मधल्या यादीत बँका, अडते, बंदरातले धक्केवाले वगैरे आहेत, साधा गोदामवाला नाही. करारात स्पष्ट लिहिलं असेल तरच. आणि धारणाधिकार असला तरी तो धरून ठेवण्याचा असतो, त्यातून विकण्याचा हक्क मिळत नाही. मात्र हे गोदाम 2007 च्या वखार (विकास आणि नियमन) कायद्याखाली नोंदलेलं आहे का, ते पाहून घ्या. तसं असेल तर भाड्यापुरता वेगळा हक्क त्यांना मिळतो.

ताई, इथे तुमची एक चूक स्पष्ट सांगतो. भाडं थांबवायला नको होतं. 10,500 रुपयांसाठी त्यांच्या हाती कारण दिलंत. आजच ती रक्कम बँकेतून पाठवा आणि सोबत लिहा, 'माझे सर्व हक्क राखून ही रक्कम देत आहे'. भरपाईची मागणी त्यामुळे कमी होत नाही. मग वकिलामार्फत स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशी नोटीस: सात दिवसांत उरलेली 31 चित्रं सुस्थितीत आणि खराब झालेली 11 आहेत तशी परत द्या. परत मागूनही दिली नाहीत, तर त्या तारखेपासून पुढे होणाऱ्या नुकसानीची जोखीम करार कायद्याचं कलम 161 त्यांच्यावर टाकतं.

पोलिसांत जाऊ नका, निदान आत्ता तरी नको. छत गळणं हा गुन्हा नव्हे, दिवाणी दोष आहे. पण एखादं चित्र खरोखर विकल्याचं कळलं, तर क्षणभरही थांबू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम 316(3) वखारवाल्याने केलेल्या विश्वासघाताला सात वर्षांपर्यंतची शिक्षा सांगतं.

दावा जिल्हा ग्राहक आयोगातच करा. तिथली हद्द चित्रांच्या किमतीवर नाही, तुम्ही सेवेसाठी मोजलेल्या पैशांवर ठरते, आणि ती 50 लाखांपर्यंत आहे. तुम्ही 15 महिन्यांचे 52,500 रुपये दिलेत. पाच लाखांपर्यंत तक्रारीला शुल्कही नाही. मुदत दोन वर्षांची. एक खाच सांभाळा: ती छापील ओळ 'अनुचित करार' म्हणून रद्द करा अशी मागणी केलीत, तर प्रकरण राज्य आयोगाकडे जातं. म्हणून मागणी 'सेवेतील त्रुटी' एवढीच ठेवा. चित्रं विकण्याचा धंदा नाही, घरातला ठेवा आहे, हेही तक्रारीत लिहा. 'व्यापारी हेतू'चा आक्षेप ते घेणारच. आई आणि भावाचं संमतिपत्र जोडा, कारण चित्रांवर तुम्हा तिघांचा वारसाहक्क आहे.

सर्वात अवघड काम किंमत सिद्ध करणं. वडिलांच्या प्रदर्शनांच्या किमतीच्या याद्या, विकलेल्या चित्रांच्या पावत्या, शाळेच्या स्मरणिका, सगळं शोधा. संवर्धकाचा, म्हणजे खराब झालेल्या कलाकृती दुरुस्त करून जपणाऱ्या तज्ज्ञाचा, लेखी अहवाल घ्या; मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा. बुरशी स्वतः पुसू नका. पुरावा जाईल आणि रंगही जाईल.

ठेवणीतलं चित्र म्हणजे अडगळ असं कुणी म्हणालं, तर शिल्पकार अमरनाथ सहगल यांचा खटला सांगा. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प 1979 मध्ये उतरवून कोठारात टाकलं गेलं आणि त्याची मोडतोड झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये ते त्यांना परत द्यायला लावलं, वर पाच लाखांची भरपाई. तो निकाल कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 खालचा, म्हणजे कलाकाराच्या आपल्या कृतीवरच्या खास हक्कांचा आहे, तुमचा दावा कराराचा, त्यामुळे त्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

आता उरलेली 31. पुढची जागा घेताना या गोष्टी करारात लिहून घ्या, तोंडी नको: वरच्या पत्र्याखाली पक्कं छत, चित्रं जमिनीपासून किमान अर्धा फूट वर, बाहेरच्या भिंतीला न लावता, उभी, एकावर एक न रचता. हवेतला ओलावा 45 ते 55 टक्के आणि त्याची आठवड्याची नोंद; तो 65 च्या वर राहिला की बुरशी धरते. त्याच शेडमध्ये कांदा किंवा धान्य नको, दोन्हींसोबत दमट हवा आणि किडे येतात. चित्राच्या रंगावर थेट बबल रॅप गुंडाळू नका, फुग्यांचे वळ उठतात. आणि नाशिकच्या जुलैत प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधलेलं चित्र आतल्या आत घामेजतं. आम्लविरहित कागद, वर सुती कापड. प्रत्येक चित्राची ठरलेली किंमत विमा पॉलिसीत नावानिशी नोंदवा, कारण घरगुती पॉलिसीत कलाकृती सहसा आपोआप धरत नाहीत.

चित्रं परत घ्यायला जाल तेव्हा एकट्या जाऊ नका. दोन साक्षीदार न्या, तिथेच उजेडात प्रत्येक चित्राचा पुढून आणि मागून फोटो घ्या, यादीवर त्यांची सही घ्या. सही देत नसतील तर 'सही नाकारली' असं लिहून साक्षीदारांच्या सह्या घ्या, आणि मगच टेम्पोत पहिली फ्रेम चढवा.