सर, तुम्ही कडुनिंबाकडे बघा

मी समुपदेशक. निकाल लागले की दर उन्हाळ्यात हा प्रश्न माझ्याकडे येतोच. "मॅडम, घरी सगळं येतं हो त्याला. मी स्वतः विचारते, धडाधड सांगतो. पेपर हातात आला की पाटी कोरी. असं कसं होतं?" कुणाचं गणित असतं, कुणाची तोंडी परीक्षा, कुणाचं तबल्याचं सादरीकरण. आयांच्या बोलण्यात काळजी असते आणि थोडा संशयही, की पोरगं आपल्याला फसवत तर नाही ना.

फसवत नसतं. ते का, हे सांगताना मी आता पुस्तकातलं कमी आणि नागपुरातल्या एका शाळेच्या सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टवरचं जास्त सांगते. (नावं आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.)

मेच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी चारच्या उन्हात, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेले एक सर माझ्या खोलीत आले. कूलरसमोर दोन मिनिटं नुसते उभे राहिले, मग बसले. शाळेत खेळाचे शिक्षक, बास्केटबॉलचे कोच. सोबत कुणी नाही.

"पोट्ट्याला नाही आणलं मॅडम. मी त्याच्यासाठी इथं येऊन राहिलो असं कळलं तर अजून बिचकेल."

पोट्टा म्हणजे सोहम. नववी संपवून दहावीत जाणारा, सतरा वर्षांखालच्या संघातला. मागच्या हंगामात जिल्हा जिंकून संघ विभागीय स्पर्धेत गेला होता. शेवटच्या सामन्यात एका गुणाने मागे, तीन सेकंद बाकी, आणि सोहमला दोन फ्री थ्रो, म्हणजे एकेका गुणाच्या मोकळ्या फेका, मिळाल्या. बास्केटबॉलमध्ये ही दिसायला सर्वांत सोपी फेक. समोर अडवायला कुणी नाही, घाई नाही. दोन्ही गेले असते तर संघ राज्य स्पर्धेला गेला असता. पहिला रिंगच्या पुढच्या कडेला लागला. दुसरा रिंगपर्यंत पोचलाच नाही.

"सरावात शंभरातून सत्तर टाकतो. मोजून सांगून राहिलो. मॅचमध्ये दोन मिळाले का हात लाकडाचा." सरांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर खरंच आकडे होते.

त्या सामन्यानंतर आणखी एक गोष्ट झाली, ती त्यांना सोहमच्या आईकडून कळली होती. वार्षिक परीक्षेत गणिताच्या पेपरात पोरगं पहिला अर्धा तास नुसतं बसून होतं. आईने ठरवलं, मैदान बंद. सरांनी तिच्याकडून उन्हाळ्यापुरती सवलत मागून घेतली होती. शाळा उघडेपर्यंत. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे सहा-सात आठवडे.

मी काय केलं ते प्रामाणिकपणे सांगते. सोहमला बोलावून घेतलं आणि श्वासाचे व्यायाम शिकवले. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. खोलीत छान जमलं त्याला. मैदानावर शून्य उपयोग. दुसऱ्या भेटीत त्याने अगदी सभ्यपणे सांगितलं, "मॅडम, तिथं श्वास मोजायला गेलो का आकडेच विसरतो."

मग मी मैदानावर गेले. मेमध्ये नागपूर पंचेचाळीसच्या आसपास तापतं, त्यामुळे शिबिर पहाटे साडेपाच ते साडेसात आणि मग थेट दिवेलागणीला. पहाटेसुद्धा सिमेंट आदल्या दिवशीची ऊब सोडत असतं. पंचवीसेक मुलं-मुली होती. त्यातली निम्मी उंची वाढावी म्हणून आईबापांनी धाडलेली. (बास्केटबॉलने उंची वाढत नाही. ती बरीचशी आईबापांकडून येते. उंच मुलं या खेळात टिकून राहतात, म्हणून आपल्याला तसं वाटतं. असो.)

शिबिराच्या शेवटी फ्री थ्रो. रिंगमागच्या बोर्डापासून 4.6 मीटरवर रेघ, रिंग जमिनीपासून 3.05 मीटर उंच. सरांनी एकेकाला रेघेवर उभं केलं. नियम असा की चुकला तर सगळ्या संघाने धावायचं. या कडेपासून पहिल्या रेघेपर्यंत आणि परत, मग मधल्या रेघेपर्यंत आणि परत, असं करत पार टोकापर्यंत. या धावण्याला मैदानावर सगळे बिनदिक्कत 'सुसाइड' म्हणतात. "सोहम, तुझ्यामुळे तीन सुसाइड झाले बे आज," एक मुलगा हसत म्हणाला. माझ्या पेशात तो शब्द रोज वेगळ्या अर्थाने कानावर येतो, त्यामुळे मी एकटीच दचकले असेन.

सोहमची पाळी आली. मी फक्त त्याच्याकडे बघत होते. बॉल हातात आला, त्याने खाली स्वतःच्या उजव्या कोपराकडे पाहिलं. कोपर आत घेतलं. मग मनगटाकडे पाहिलं. मग सरांकडे. मग रिंगकडे. एवढ्यात चार-पाच सेकंद गेले. नियमाने बॉल हातात आल्यापासून पाच सेकंदांतच फेकायचा असतो. शेवटी हात घाईने सुटला. बॉल बोर्डाला लागून बाजूला. संघ धावला. सोहम सगळ्यांत पुढे, जणू तेवढीच भरपाई.

घरी येताना गाडी लावताना मला एकदम उमगलं. आमच्या अपार्टमेंटचा चौकीदार बघत नसेल तेव्हा मी गाडी एका झटक्यात मागे घेते. तो "येऊ द्या, येऊ द्या" करत उभा राहिला की मला स्टिअरिंग कुठे वळवायचं तेच कळेनासं होतं. वीस वर्षं चालवतेय. जे काम हाताला आपोआप येतं, ते कुणाच्या तरी नजरेखाली सुटं सुटं करून पाहायला लागलं की हात अडतो. जिना उतरताना प्रत्येक पावलाचा विचार करून बघा, ठेच लागेल.

सोहमला विचारलं तर म्हणाला, "सर म्हणाले होते कोपर बाहेर जाते. तेव्हापासून मला बॉल हातात आला का कोपरच दिसते."

कोपर आत असावं हे सरांचं म्हणणं चूक नव्हतं. ते कधी सांगायचं, एवढंच चुकलं. शिकण्याच्या काळात कोपर बघायचं, हजार वेळा बघायचं. रेघेवर उभं राहिल्यावर त्याच्याकडे बघायचं नाही.

आता गणिताचं. पालक इथे गफलत करतात, म्हणून जरा थांबते. हाताचं काम जास्त लक्ष दिल्याने बिघडतं. गणिताचं उलट आहे. त्याला लक्ष लागतंच, आणि ते कमी पडतं. गणित सोडवताना आकडे, पायऱ्या, मधली उत्तरं डोक्यात धरून ठेवावी लागतात. ती जागा मुळात छोटी. त्यात 'मागच्या वेळेसारखं झालं तर' हे वाक्य येऊन पसरलं की आकड्यांना बसायला जागाच उरत नाही. त्यामुळे "मन लावून सोडव" हा सल्ला पेपरच्या दिवशी निरुपयोगी आहे. मन लागलेलंच असतं, भलत्या जागी.

सरांना मी तीन गोष्टी सुचवल्या. दोन त्यांनी लगेच मान्य केल्या.

एक, धावण्याची शिक्षा फ्री थ्रोपासून तोडायची. धावायचं तर रोज ठरलेलं धावा, कुणाच्या चुकीवर नाही. (आणि नाव बदला, मी म्हटलं. पोरांनी 'टप्पे' ठेवलं, ते टिकलं.)

दोन, सोहमने सलग शंभर फेका मारणं बंद. सामन्यात कधी कुणाला शंभर मिळतात? दोन मिळतात, तेही धाप लागलेली असताना. म्हणून शिबिराच्या अगदी शेवटी, पाय थरथरत असताना, प्रत्येकाने फक्त दोन फेकायच्या. बाकीच्यांनी मनसोक्त ओरडायचं. आणि रेघेवर एकच ठरीव क्रम. बॉल घ्यायचा, अंगठ्याने शिवण चाचपायची, दोनदा टप्पा मारायचा, श्वास सोडायचा, रिंगची मागची कडा बघायची, फेकायचं. हा क्रम सोहमने स्वतः ठरवला. शिवणीची कल्पना त्याचीच. अंगठ्याला ती शिवण लागली की डोक्याला दुसरं काम मिळतं आणि कोपराचा पिच्छा सुटतो.

तिसरी गोष्ट सरांना आवडली नाही. सोहम रेघेवर असताना त्याच्याकडे बघायचं नाही.

"कोच आहे मी मॅडम. बघू नाही तर काय करू?"

मैदानाच्या कडेला एक मोठा कडुनिंब होता. मी म्हटलं, सर, तुम्ही कडुनिंबाकडे बघा.

पहिले काही दिवस ते पाठ करून उभे राहायचे आणि मान ताठ. रिंगला जाळी नव्हती, कधीची फाटून गेलेली, नुसतं लोखंड. त्यामुळे 'ठण्ण' झालं की चुकला, आणि काहीच आवाज आला नाही की गेला. "आवाजावरून कळतेच नं मॅडम," ते पुटपुटायचे. पण त्यांच्या चेहऱ्यावरची आठी सोहमला दिसत नव्हती, आणि तेवढंच मला हवं होतं.

एका शाळेच्या वहीत आम्ही रोजच्या दोन फेकींची नोंद ठेवली. आठवड्याला सहा दिवस, बारा फेका. पहिल्या आठवड्यात बारापैकी तीन. दुसऱ्यात चार. सर म्हणाले, हे काही होऊन नाही राहिलं. तिसऱ्यात पुन्हा तीन. मलाही धाकधूक वाटायला लागली होती. त्या आठवड्यात एक दिवस सरांनीच मुलांना गोळा करून सांगितलं, की अमेरिकेतल्या NBA लीगमधला स्टीफन करीसारखा पट्टीचा फेकणारा कारकिर्दभर शंभरातले नऊएक फ्री थ्रो चुकवत आलाय, आणि शकील ओनीलचे तर जेमतेम निम्मे जायचे, तरी चार वेळा विजेतेपद. मुलं चाट. सर स्वतःच पहिल्यांदा ऐकत असल्यासारखे बोलत होते.

मेच्या शेवटी नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, सुरू झाला. पोरांना ऊन लागू नये म्हणून सर कळशीभर पन्हं घेऊन यायचे, स्वतःच्या खर्चाने. मुलं गेल्यावर आम्ही दोघं पायरीवर बसलो होतो. तेव्हा ते सहज बोलावं तसं बोलले. नोकरी कंत्राटी, अकरा महिन्यांची. दर जूनमध्ये नवीन कागद. मागच्या वर्षी संघ राज्यावर गेला असता तर बोलायला तोंड राहिलं असतं.

"मी त्याला कधी बोललो नाही हे."

बोलले नव्हते, पण विभागीय सामन्यानंतर परतीच्या गाडीत ते दोन तास एक शब्दही बोलले नव्हते. सोहमने मला आधीच सांगितलं होतं. रागावले असते तर बरं, असंही म्हणाला होता. मुलं मोठ्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ लावतात, आणि तो नेहमी स्वतःच्या विरुद्ध लावतात. मी सरांना म्हटलं, कंत्राटाचं त्याला सांगू नका, ते ओझं त्याचं नाही. पण त्या दोन तासांबद्दल काहीतरी बोला. ते काय बोलले मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

पाचव्या आठवड्यात बारापैकी सहा. सहाव्यात सात. शंभरात सत्तरवाल्या मुलाला थकलेल्या अंगाने बारात सात पुष्कळ झाले.

आईबरोबर माझ्या दोन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत मी विचारलं, तो मैदानावरून आल्यावर तुम्ही पहिलं काय बोलता? "किती गेले?" तिने सांगितलं, आणि सांगता सांगताच थांबली. दुसरं, तिला वाटत होतं की मैदान बंद केलं की तो वेळ अभ्यासाला मिळेल. वार्षिक परीक्षेच्या आधी महिनाभर मैदान बंदच होतं. तो वेळ पोराने पुस्तक उघडं ठेवून छताकडे बघण्यात घालवला होता.

गणितासाठी आम्ही फ्री थ्रोचीच युक्ती वापरली. दहावीला बोर्डाचे गणिताचे दोन पेपर असतात, चाळीस-चाळीस गुणांचे, दोन-दोन तासांचे. दर रविवारी सकाळी एक पूर्ण पेपर, घड्याळ लावून. पण स्वतःच्या टेबलावर नाही. शेजारच्या काकूंच्या जेवणाच्या टेबलावर, अंघोळ करून, बूट घालून, अनोळखी पेनाने. काकूंना सांगून ठेवलं होतं की मध्ये एकदा भांडं पाडा. त्यांनी ते काम फार मनावर घेतलं. आणि पेपर सुरू करायच्या आधी दहा मिनिटं कशाची भीती वाटते ते कागदावर लिहायचं, कुणाला दाखवायचं नाही, फाडून टाकायचं. शिकागोच्या संशोधकांनी 2011 मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला होता. घाबरणाऱ्या मुलांचे गुण त्याने सुधारले होते. सोहमने पहिल्या रविवारी दोन ओळी लिहिल्या, तिसऱ्या रविवारी दीड पान. अर्धा तास नुसतं बसणं पाच-सात मिनिटांवर आलं. पूर्ण गेलं असं मी म्हणणार नाही.

हे सगळ्यांना पुरतं असंही नाही. मूल परीक्षेच्या आठवडाभर आधीपासून झोपत नसेल, उलट्या होत असतील, शाळेत जायलाच नकार देत असेल किंवा जगणं नको अशा अर्थाचं काही बोलत असेल, तर काकूंचं टेबल विसरा आणि मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्या. लगेच.

शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी सरांनी दुसऱ्या एका शाळेबरोबर मैत्रीचा सामना ठेवला. आभाळ भरून आलं होतं, कोर्टवर पहिल्या पावसाचे दोन-चार ठिपके पडून वाळले होते. आईबाप, भावंडं, चहावाला, सगळे कडेला. शेवटच्या मिनिटात सोहमला दोन फ्री थ्रो मिळाले. सामना बरोबरीत नव्हता, राज्य स्पर्धा वगैरे काही पणाला नव्हतं. तरी सगळे गप्प झाले, आणि मग ठरल्याप्रमाणे आमचीच पोरं ओरडायला लागली.

सर खाली वाकले आणि बुटाची नाडी बांधू लागले. ती बांधलेलीच होती.

सोहमचा अंगठा बॉलवर फिरला. दोन टप्पे. फेक. पुन्हा अंगठा, दोन टप्पे, फेक. गोंगाट इतका की रिंगचा आवाज कुणालाच आला नाही.

सर वाकलेलेच होते. नाडीवरचा हात न काढता त्यांनी मला विचारलं, "गेला का?"

"एक गेला."

"कोणता?"